पिवळी शिडी

रविवारी कारखाना बंद असतो, म्हणून भांडण रविवारी ठरलं. भाऊ त्याला ‘बैठक’ म्हणत होता. या घरात भांडणाला आजवर कुणी भांडण म्हटलेलं नाही. काकांनी वाटणी मागितली तेव्हाही ती बैठकच होती, आणि त्या बैठकीत दोन खुर्च्या मोडल्या होत्या.

बैठक घरी नको, कारखान्यातच, हा भाऊचा आग्रह. घरी वडिलांना, आप्पांना, डुलकी लागते आणि बायको दर पाच मिनिटांनी उठून जाते, असं कारण त्यानं दिलं होतं. खरं कारण त्याच्या बहिणीला, आक्काला, आत पाऊल टाकताच दिसलं. समोरच्या भिंतीला एक शिडी टेकवून ठेवली होती. बारा पायऱ्यांची, आणि वरपासून खालपर्यंत पिवळीधमक.

दोन्ही बाजूंना चाळीसेक शिड्या नेहमीसारख्या उभ्या होत्या, उघड्या लाकडाच्या, तेल पिऊन तांबूस झालेल्या. सगळा वर्ग गणवेशात आणि एकच मूल वाढदिवसाचे कपडे घालून आलेलं, तशी ती पिवळी त्यांच्यात दिसत होती.

“ही कुणी केली?” आक्कानं विचारलं.

“आधी बस तर.”

“बसते. कुणी केली?”

खुंटीचे कान लाल झाले. खुंटी म्हणजे भाऊची मुलगी. वय चोवीस, उंची बेताची. लहानपणी दिवसभर आत्याच्या कामाच्या झग्याला लोंबकळायची, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. रंधा धरायला ती आत्याकडेच शिकली होती. तिचे कान बघून आक्काला उत्तर मिळालं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

“मी सांगितलं होतं तिला करायला,” भाऊ म्हणाला. “तिच्यावर डोळे वटारू नकोस.”

“मी कुठं वटारले? माझे डोळेच मोठे आहेत.”

वहिनी खुदकन हसली आणि नवऱ्याकडे बघून गप्प झाली. कारखान्याचा पत्रव्यवहार तीच बघायची. भाऊनं आज काय काय पाठ करून आणलंय हे तिला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण त्यानं ते आरशासमोर तिलाच म्हणून दाखवलं होतं.

आप्पा हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे. हा कारखाना त्यांनी उभा केला, आणि हात थरथरायला लागल्यापासून त्याला हात लावायचं सोडलं. शिड्या आक्का करायची आणि भाऊ विकायचा. तीस वर्षं असंच चाललं होतं. कधी बरं, कधी रडतखडत, पण चाललं होतं.

भाऊनं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. एक मोठा दुकानदार आहे, बावीस दुकानं आहेत. त्याला तीनशे शिड्या हव्यात, सहा आठवड्यांत. त्याच्या सगळ्या पाट्या पिवळ्या, गाड्या पिवळ्या, पिशव्या पिवळ्या. म्हणून शिडीही पिवळी हवी. नमुना त्याला पसंत पडलाय. आज बारापर्यंत हो म्हणायचंय.

“हो म्हणायचंय की हो म्हणून झालंय?” आक्कानं विचारलं.

भाऊनं ऐकलं न ऐकलंसं केलं. “एक कागद आहे. प्रत्येक शिडी तपासली आहे, मजबूत आहे, अशी हमी. त्यावर काम बघणाऱ्याची सही लागते. म्हणजे तुझी.”

घोडं इथंच पेंड खात होतं. सही लागली नसती तर ही बैठक झालीच नसती. तीनशे पिवळ्या शिड्या कुठल्या तरी भाड्याच्या शेडमध्ये तयार होऊन निघूनही गेल्या असत्या आणि आक्काला वर्षभरानं कळलं असतं. भाऊ वाईट नव्हता, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय लहानपणापासूनची होती.

“आपण शिडीला रंग लावत नाही,” आक्का म्हणाली.

“माहितीये. रंगाखाली चीर लपते. गाठ लपते. आईच्या पोटात असल्यापासून ऐकतोय मी हे.”

“मग विचारतोस कशाला?”

“कारण सात माणसं कामाला आहेत आणि काम चार माणसांचं आहे!” भाऊचा आवाज चढला, आणि आता तो पाठ केलेलं बोलत नव्हता. “ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या, हलक्या, घडीच्या. आपल्याकडे कोण येतं? नाटकवाले, फळबागवाले आणि चार जुने रंगारी. मी दारोदार फिरतो, आक्का. तू इथं बाकाशी उभी असतेस, तुला काय कळणार? लोक मला पाणी विचारतात आणि वाटेला लावतात. पहिल्यांदा कुणीतरी आपणहून बोलावलं मला. बसायला खुर्ची दिली. हे काम नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात तिघांना घरी पाठवायचं आहे. तिघांच्या पोटावर पाय द्यायचा, का? तर शिडी पिवळी नको म्हणून!”

त्याचं खोटं नव्हतं आणि ते आक्कालाही माहीत होतं. ते तिघं कोण असतील हेही तिला माहीत होतं. त्यातल्या एकाला तिनं स्वतः कामावर आणलं होतं.

ती उठली. बाकावरून पटाशी घेतली आणि पिवळ्या शिडीपाशी गेली.

“काय करतेस?” भाऊ ओरडला.

“तपासते. हमी हवी ना तुला? शिडी त्या लाकडी घोड्यांवर आडवी घाल. खुंटे, दुसरी बाजू धर.”

खुंटीनं निमूट शिडी धरली. ती घाबरली होती, पण शिडीच्या काळजीनं नाही. शिडी चोख होती, तिला खात्री होती. आत्यानं स्वतःसाठी बाजूला ठेवलेल्या थप्पीतलं लाकूड तिनं न विचारता उचललं होतं, चार संध्याकाळी खपली होती, प्रत्येक पायरीवर उभी राहिली होती. आणि रंगाचा शेवटचा हात दिल्यावर लांब जाऊन बघताना तिला ती शिडी सुंदर वाटली होती. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. आत्याला तर मेली तरी सांगितली नसती.

आक्कानं पहिल्या पायरीवर पटाशी टेकवली आणि रंग खरवडायला घेतला. पिवळे पापुद्रे फरशीवर पडायला लागले. भाऊनं डोक्याला हात लावला. पहिली पायरी स्वच्छ निघाली. दुसरीही. तिसरीला आक्का थांबली, वाकली, अंगठा फिरवला. भाऊही वाकला. काही नव्हतं, लाकडाची साधी रेघ होती. चौथी, पाचवी, सहावी. मग उभे दांडे, जिथं पायऱ्या आत शिरतात तिथं. वीस मिनिटं फक्त खर्र खर्र आवाज. बाराही पायऱ्या स्वच्छ निघाल्या. एक चीर नाही की एक गाठ नाही.

“सापडलं काही?” भाऊनं विचारलं. आनंद लपवणं त्याला कधीच जमलं नाही. “हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस!”

“छान केलीये,” आक्का खुंटीला म्हणाली. “माझ्याहून सरस केलीयेस.”

खुंटीला रडूच यायला लागलं.

“मग कर सही,” भाऊ म्हणाला.

“का? ही चांगली आहे हे तुला आत्ता कळलं. खरवडल्यावर कळलं. बाकीच्या दोनशे नव्याण्णव कोण खरवडणार?”

“रंग लावायच्या आधी तपास ना!”

“तेव्हा चांगली असते रे. सहा महिन्यांनी उन्हात चीर जाते, तेव्हा काय?”

“देवा!” भाऊ आप्पांकडे वळला. “आप्पा, तुम्ही बोला आता. नियम तुमचा आहे, तुम्हीच मोडा. तुमचं ती ऐकेल.”

आप्पा इतका वेळ हनुवटी खाजवत होते. लेकरं आपल्यावरून भांडतायत याची त्यांना जरा मजा येत होती, आणि जरा लाजही वाटत होती. ती लाज बऱ्याच वर्षांची होती. आज ती काढून टाकावी असं त्यांना एकदम वाटलं. म्हातारपणी असं होतं, तोंडात आलेलं परत गिळवत नाही.

“नियम कसला?” ते म्हणाले. “रंग परवडत नव्हता.”

“काय?” आक्का म्हणाली.

“अगं, सुरुवातीला रंगाचा डबा म्हणजे चैन होती. तेल स्वस्त होतं, म्हणून तेल लावायचो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, रंग का नाही? आता परवडत नाही असं सांगितलं असतं तर त्यानं भाव पाडला असता. म्हणून म्हटलं, रंगाखाली चीर लपते, आम्ही लपवाछपवी करत नाही. त्याला ते इतकं पटलं की त्यानं दोन जास्त नेल्या. मग मी सगळ्यांनाच सांगायला लागलो.” आप्पा हसले. “चांगलं वाक्य होतं.”

वहिनी हसली. भाऊ तर हसता हसता बाकावर बसला. “बघ! आणि तू तीस वर्षं नाकानं कांदे सोलतेयस!”

आक्का हसली नाही. तिच्या हातात पटाशी तशीच होती.

वीस वर्षांपूर्वी शाळांचं मोठं काम आलं होतं, हिरव्या शिड्यांचं. तिनं परत पाठवलं. ‘आमच्या आप्पांचा नियम आहे,’ असं सांगितलं. त्यानंतर एक जण लाल मागायला आला, एक जण पांढऱ्या. दर वेळी हेच. ते वाक्य म्हणताना तिची मान ताठ व्हायची. तिच्याजवळ फार काही नव्हतं. लग्न दीड वर्षात मोडलं होतं, शिक्षण अर्धवट होतं. लोक तिला बिचारी म्हणायचे. पण तिच्या घरात एक नियम होता आणि ती तो पाळणारी होती, याच बळावर ती रोज सकाळी उठायची. आणि तो नियम म्हणजे गिऱ्हाइकाला मारलेली थाप निघाली. तिला आप्पांचा राग आला. इतका राग आला की ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला आपण आता काय बोलू याची तिची तिलाच भीती वाटली.

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” ती एवढंच म्हणाली.

“तू इतक्या ऐटीत सांगायचीस लोकांना,” आप्पा पुटपुटले. “मलाच वाटायला लागलं की खरं असेल.”

“आक्का, वाईट वाटून घेऊ नका,” वहिनी म्हणाली. नणंदेशी तिचं कधी फार जमलं नव्हतं, पण हा चेहरा तिला बघवेना. “पण खरं सांगू का? तुम्ही नेहमी आप्पांच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढलात. आज तो खांदाच राहिला नाही. आता तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा. रंग चालेल की नाही?”

हा प्रश्न आक्काला आजवर कुणीच विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही. भाऊनं घड्याळ बघितलं. साडेअकरा.

“शिडी घ्यायला माणूस येतो,” ती सावकाश बोलायला लागली, “तेव्हा तो पहिल्यांदा काय करतो?”

“भाव विचारतो,” भाऊ म्हणाला.

“ते तुझ्याकडे. माझ्याकडे आल्यावर तो पायऱ्यांवरून अंगठा फिरवतो. खालून वर. मग वाकून बघतो. ज्याला पडायचं असतं तोच बघतो, भाऊ. आपण दोघं खाली उभे असतो. रंग लावला की मी त्याचे डोळे बांधते आणि म्हणते, माझ्यावर विश्वास ठेव. मी कोण लागून गेले? माझ्याकडूनही गाठ सुटते. गेल्या वर्षी दोन शिड्या मी अशाच पाठवल्या होत्या. त्या फळबागवाल्यानं बघितलं आणि परत आणून दिल्या. पिवळ्या असत्या तर कळलं असतं त्याला?”

“ते तू मला सांगितलं नाहीस!”

“लाज वाटली म्हणून. आज सांगतेय.” तिनं पटाशी बाकावर ठेवली. “माझ्यावर विश्वास ठेवायची वेळ त्याच्यावर येऊ नये. त्यानं स्वतः बघावं आणि स्वतः चढावं. आप्पांना काय परवडत होतं आणि काय नव्हतं, ते त्यांचं. मी सही करणार नाही.”

“तळाला वीतभर पिवळा पट्टा दिला तर?” वहिनीनं मध्येच तोंड घातलं. “बाकी लाकूड उघडं.”

“ते चालेल मला,” आक्का लगेच म्हणाली.

“मी विचारलंय त्यांना,” भाऊ म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज बसला. “दोनदा विचारलं. नाही म्हणाले. पूर्ण पिवळी, नाहीतर नको.”

आपण विचारलं होतं हे त्याला सांगायचं नव्हतं. म्हणजे त्यालाही कुठंतरी रंग खुपत होता, हे सगळ्यांना कळलं. त्यामुळे तो आणखीनच चिडला. त्यानं कागद आक्कापुढून ओढला आणि खुंटीपुढे ठेवला.

“तू कर. शिडी तू केलीस, सही तू कर. उद्यापासून काम तू बघशील. आत्याचं वय झालं.”

“एक्कावन्नाव्या वर्षी?” आक्का म्हणाली.

“तू गप्प बस!”

खुंटीनं पेन घेतलं. आक्का दोन पावलं मागे सरली. ही पोरगी सही करणार असेल तर करू दे, आपण तिचा हात धरायचा नाही, असं तिनं ठरवलं. ते ठरवणं तिला सही नाकारण्यापेक्षा जड गेलं.

खुंटीनं कागद वाचला. काम बघायचं स्वप्न तिला रोज पडत होतं. सात माणसं आपल्याला विचारून काम करतायत, दारावर आपलं नाव आहे. ती बाबांकडे बघायची तेव्हा तिला बाबांचं पटत होतं, आत्याकडे बघितलं की आत्याचं. ती खाली फरशीकडे बघायला लागली, तिथं पिवळे पापुद्रे पसरले होते.

“मला ती पिवळी आवडली होती,” ती म्हणाली. “आत्या, तुला राग येईल, पण आवडली होती. आत्याचं बरोबर आहे का ते मला अजून माहीत नाही, बाबा. तुमचंही माहीत नाही. आणि ज्याचं मला माहीत नाही त्याच्याखाली मी नाव लिहिणार नाही.” तिनं पेनाला टोपण लावलं. “मला काम बघायचंय. पण असं नाही.”

“दोघी मिळून बुडवा मला!” भाऊनं बाकावर मूठ आपटली.

आता आप्पा उठले. खुर्चीचे हात धरून, दोन टप्प्यांत. त्यांना लेकीकडे बघवत नव्हतं. आपल्या एका थापेवर या मुलीनं एवढं मोठं घर बांधलं आणि आपण मजेत खालचा दगड काढून घेतला, असं त्यांना वाटत होतं. तो दगड परत बसवता येईल, असंही वाटत होतं.

“पुरे झालं,” ते म्हणाले. “कारखाना अजून माझ्या नावावर आहे. मी सांगतो, इथं रंग लागणार नाही. आजपासून नियम म्हणून सांगतो. भाऊ, विषय संपला.”

आप्पांचा शब्द भाऊनं जन्मात मोडला नव्हता, आणि मोडणारही नव्हता. आक्का जिंकली होती. नुसतं मान हलवायची होती.

“नको,” आक्का म्हणाली.

“काय नको?”

“तुम्ही सांगू नका, आप्पा. तुम्हाला परवडत नव्हतं, तेवढंच खरं राहू दे. आता माझी दया आली म्हणून नियम करू नका. उद्या तुम्ही नसाल, तेव्हा मी काय सांगू लोकांना? परत तुमचंच नाव घेऊ?” “रंग लागणार नाही, असं मी म्हणते. भाऊला भांडायचं असेल तर त्यानं माझ्याशी भांडावं.”

“भांडतोयच की!” भाऊ ओरडला. “दोन तास काय करतोय मी?”

“मग नंबर दे.”

“कुणाचा?”

“त्या पिवळ्याचा. बारा वाजत आले.”

भाऊनं फोन लावला आणि तिच्या हातात दिला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, कारण ती काय बोलते यावर त्याचा विश्वास नव्हता. पलीकडचा माणूस सौम्य होता. आक्कानं सांगितलं, शिड्या देऊ, सहा आठवड्यांत तीनशे नाही, दीडशे. पिवळा पट्टा तळाला, वीतभर. बाकी लाकूड उघडं.

“अहो, पण तुमचे भाऊ तर म्हणाले होते...”

“तो विकतो. मी करते.”

“बरं, पण हा निर्णय नक्की कुणाचा? तुमच्या वडिलांशी बोलू का जरा?”

आक्कानं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी हात पुढे केला होता, फोन घ्यायला.

“बोलून काय होणार?” ती म्हणाली. “निर्णय माझा आहे.”

मग तो माणूस तितक्याच सौम्यपणे म्हणाला, की मग जमणार नाही, नमुन्याबद्दल आभार, आणि फोन ठेवला.

भाऊ हातात डोकं धरून बसला होता. तो बोलला तेव्हा त्याच्यात भांडण उरलं नव्हतं.

“त्या तिघांना मी काय सांगू, आक्का?”

“तू काही सांगू नकोस. सकाळी आठला ते आले की मी सांगेन. भाऊनं काम आणलं होतं, मी नाही म्हटलं म्हणून गेलं, असं सांगेन.”

“अगं, शिव्या घालतील तुला.”

“घालू देत,” आक्का म्हणाली. “त्या माझ्याच आहेत.”